तुवालूच्या शेजारी युगांडा

"तुमचे कागद माझ्या देशात घुसलेत."

लुबेगानं दचकून वर पाहिलं. ओल्या केसांची, कपाळाला आठी घातलेली एक मुलगी समोर उभी होती आणि तिच्या छत्रीतलं पाणी थेट त्याच्या बुटावर गळत होतं. टेबलाच्या अर्ध्या भागावर 'तुवालू' अशी पाटी होती. तिच्याभोवती युगांडाची अख्खी फाइल पसरलेली.

"माफ करा हं... मला वाटलं, इथं कुणी येणार नाही."

"सगळ्यांना तेच वाटतं," ती खुर्ची ओढत म्हणाली. "आधीच माझा देश एवढासा, त्यात तुमचं हे अतिक्रमण!"

जर्मनीतल्या बॉनला भरलेल्या हवामान परिषदेच्या त्या सभागृहात देश इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं बसतात. तेव्हा तुवालूच्या लितियाला युगांडाच्या लुबेगाशेजारी बसवलं ते त्या मुळाक्षरांनी. एरवी या दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

बड्या देशांनी चाळीस-चाळीस माणसं आणली होती. तुवालूची ही एकटीच. वाढत्या समुद्रानं बुडणाऱ्यांसाठी मोठा निधी उभा राहायचा होता, आणि तो कुणाला, कसा द्यायचा हे ठरवणाऱ्या मंडळावर लहान बेटांना मतासकट दोन जागा हव्यात, एवढ्यासाठी ती अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती.

"पैसे मिळतायत ना? मग खुर्चीचा एवढा हट्ट कशाला?" लुबेगानं तिला मुद्दाम डिवचलं. एव्हाना त्याच्या आईनं बांधून दिलेले भाजके शेंगदाणे दोघांच्या मधोमध आले होते.

लितिया हसली नाही. "माझ्या बाबांचं घर कुठं हलवायचं, हे त्यांना न विचारता कुणी ठरवणार असेल, तर ते पैसे नकोत मला."

 लुबेगा किती तरी वेळ तिच्याकडे बघतच राहिला.

"काय बघताय?"

"काही नाही... शेंगदाणे संपले."

दुसऱ्या दिवशी नेमक्या दोन बैठका एकाच वेळी लागल्या. लितिया दातओठ खात जिन्यात उभी होती. एकटीनं जायचं तरी कुठं कुठं?

"तू वर जा," लुबेगा म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "खाली मी बसतो. शब्दन् शब्द टिपून ठेवतो तुझ्यासाठी."

"आणि डुलकी लागली तर?"

"तर तुझी छत्री माझ्या बुटावर धर."

संध्याकाळी ऱ्हाइन नदीच्या काठानं एकाच छत्रीतून चालताना त्यानं सगळं वाचून दाखवलं. पाऊस तिरपा येत होता. त्याचा एक खांदा पार भिजला, पण छत्री तिच्याकडेच कललेली राहिली. तिनं ते पाहिलं आणि चालायचा वेग मुद्दामच कमी केला.

पण शेवटचे दोन दिवस लुबेगा हाती लागेना. कधी घानाच्या माणसाशी कुजबुज, कधी कॉफीच्या रांगेत सामोआच्या बाईंशी हसणं. झालं, ओसरला वाटतं उत्साह, असं म्हणत लितियानं मन घट्ट केलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट. तरी हरकत घ्यायला देशाची पाटी उचलायची, तर एक हात पुरे, असं तिनं स्वतःला बजावलं.

अखेरच्या सभेत मसुदा आला. दोन्ही जागा गायब! बेटांनी मंडळाच्या बैठकांना नुसतं बसावं, ऐकावं... मत देऊ नये.

"कुणाची हरकत नसल्यास—" अध्यक्षांनी हातोडा उचलला.

लितियानं पाटी उभी केली. अध्यक्षांची नजर तिच्या डोक्यावरून तशीच पुढं सरकली. एकट्या पाटीचं हे असंच होतं, ती दिसतच नाही.

खट्! शेजारी युगांडाची पाटी उभी राहिली.

"अरे, तुला तर समुद्रही नाही!" ती पुटपुटली.

"आमच्या प्रमुख नाकिंतू मॅडमही हेच म्हणाल्या. मी म्हटलं, आज यांना दाराबाहेर ठेवतील, उद्या आपल्याला. तर म्हणाल्या, उचलायचीच तर ताठ उचल."

खट्! सामोआ. खट्! घाना. मग मागची रांग, मग पलीकडची... सगळ्या सभागृहात पाट्या उभ्या राहत गेल्या. दोन दिवसांच्या त्या कुजबुजीचा अर्थ आत्ता लितियाच्या ध्यानात आला. तिचे डोळे भरून आले, पण माइक हाती येताच आवाज खणखणीत निघाला. अध्यक्षांनी हातोडा खाली ठेवला. मसुदा परत गेला आणि संध्याकाळी दोन जागा घेऊनच आला, मतासकट.

तिच्या गाडीला थोडा वेळ होता. दोघं पुन्हा नदीकाठी आली. पाऊस भुरभुरत होता.

"एक ठराव मांडतो," लुबेगा घसा खाकरून म्हणाला. "लुबेगाला लितिया आवडते. फार आवडते. पुढच्या सुट्टीत तिच्या बेटावर यायचं म्हणतोय. कुणाची हरकत नसल्यास—" त्यानं मिटलेली छत्री हातोड्यासारखी उचलली.

"थांब!"

त्याचा चेहरा पडला.

"गप्प बसलेल्याचा होकार धरायचा, याच्याशीच भांडत होते ना मी इतके दिवस? माझा होकार असा परस्पर नाही घ्यायचा."

"मग...?"

"मग विचार की नीट!"

त्यानं छत्री खाली ठेवली.  "लितिया... मी आवडतो तुला?"

"हो!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाईही वळून बघायला लागल्या.