चौथ्या खोलीतली अंगाई

कोडी, स्टोव्हमध्ये एक लाकूड सरकव रे. आणि ब्रेना, तू हसू नकोस. ही गोष्ट आमच्या मार्थाच्या नवऱ्याची, डॉक्टर जेराल्डची. बहिणीचा नवरा असला तरी तो माणूस मला कधी आवडला नाही. पण रचून खोटं सांगायची अक्कल त्याला नाही.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदली रात्र. नोव्हेंबरातला शुक्रवार, तळ्यावर पहिला बर्फ धरलेला. जेराल्ड प्रसूती विभागात ड्यूटीवर, मन मात्र मचाणावर. चौथ्या खोलीत क्रिस्टा नावाची पोरगी, कळा जोरात. तिचा नवरा आईला आणायला खाली गेलेला. एकाएकी तिने जेराल्डची बाही धरली.

"डॉक्टर, श्वास पुरत नाहीये. मी मरणार आहे. मला आतून कळतंय."

"पहिलटकरणी सगळ्या असंच म्हणतात," हे महाशय. "घाबरलीयेस तू, दुसरं काही नाही."

नाडी-श्वास मोजणाऱ्या यंत्राची किणकिण ऐकून ती आणखी घाबरेल, म्हणून त्याचा आवाज बंद केला. नर्सला झोपेचं औषध आणायला पिटाळलं. आणि स्वतः गेला कॉफी प्यायला! ठोंब्या कुठला.

अरे, त्याच्या दोन वर्षं आधी त्याच खोलीत लोर्ना नावाची बाळंतीण हेच म्हणाली होती. तिलाही यानेच हेच उत्तर दिलं होतं. गर्भाभोवतीचं पाणी आईच्या रक्तात शिरलं की कधीकधी बाईला आधीच कळतं. मग श्वास तुटतो, मग काळीज थांबतं. लोर्ना गेली, पोटातलं बाळही गेलं.

आपल्या हॉस्पिटलातली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. बाळ जन्मलं की आईबापांनी खोलीतलं बटण दाबायचं, मग सगळ्या मजल्यांवर अंगाई वाजते आणि त्या खोलीच्या दारावर दिवा लागतो. तुमचीही वाजली होती. लोर्नाची राहिली. तिच्या नवऱ्याने ते बटणच भिंतीतून उपटलं. नंतर तिथे नुसता रंग फासला.

तर हा कॉफी भुरकतोय... आणि अंगाई सुरू झाली. चौथ्या खोलीच्या दारावरचा दिवा लागला.

"माझ्याशिवाय बाळ काढलं कोणी?"

बटण नाही, हे डोक्यातच आलं नाही त्याच्या. अपमान झाला ना! तरातरा गेला. दार उघडलं.

आत तिच्याशिवाय कोणी नाही. बाळ नाही.

क्रिस्टा निळी पडलेली. नाडी... नाही.

तेव्हा कुठे हा बोंबलला. माणसं धावली. एकजण छाती दाबतोय. एकीने पोट डावीकडे ढकलून धरलं. हलवायला वेळ नाही... पलंगावरच पोट चिरलं. बाळ रडलं. मग रक्त. थांबेना. गोठेचना. पिशव्यांवर पिशव्या चढवल्या...

पहाटे क्रिस्टाने डोळे उघडले.

आता जेवायला बसलं की हा सांगतो, "मी वाचवलं." लाज नाही! पण त्या खोलीत एकटा पाऊल टाकत नाही.

त्या रात्रीपासून बटणाच्या जागी अंगठ्याचा ओला ठसा आहे. कितीदा रंग दिला, पुन्हा उमटतो. परवा मार्थाची नात तिथेच जन्मली. तिला बघायला गेलो, तेव्हा मी बोट लावून पाहिलं.

ओलं होतं...

आणि कोमट.