कुठल्याच गाडीचं नसलेलं इंजिन

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मला वाटलं, हा फोटोला फ्रेम करायला निघालेला माणूस चुकून आमच्याकडे शिरला. बगलेत टमाट्याच्या बियाण्याच्या खोक्याचा भलामोठा पुठ्ठा होता आणि तो असा जपून धरलेला, की आत देवाची तसबीरच असावी.

"हे पाहा बरं," पुठ्ठा काउंटरवर आडवा ठेवत तो म्हणाला. "असं गॅस्केट आहे का तुमच्याइथं?"

पुठ्ठ्यावर काळ्या तेलाची छाप होती. चार मोठे गोल, त्यांच्याभोवती लहानमोठी भोकं. मोताळ्यात आमचं गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान आहे, त्यामुळे असले पुठ्ठे मला नवे नाहीत. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडलं की मिस्त्री त्यावर पुठ्ठा दाबून छाप घेतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती देऊन आमच्याकडे पिटाळतात. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट. ते जळलं की पाणी तेलात जातं, तेल पाण्यात जातं आणि गाडी अंगणात जाते.

"कोणत्या गाडीचं?" मी विचारलं.

"पिकअपचं."

"पिकअप तं लय आहेत. इंजिन कोणतं?"

"तेच तं इचाराले आलो."

मी मान वर करून पाहिलं. सावळा, सडपातळ, शर्टाच्या बाहीला मिरचीच्या शेतातली माती. चेहऱ्यावर मात्र आपण काही अजब बोललो असं अजिबात नव्हतं.

"गाडी तुमची, आन् इंजिन कोणतं ते मी सांगू?"

"जुनी घेतली न. घेतली तवा... बॉनेट खाली होतं."

मला हसू आलं. साधं स्मित नाही, चांगलं खळखळून. तोही हसला, पण जरा उशिरानं, म्हणजे आपण विनोद केलाय हे त्याला माझ्याकडे पाहून समजलं.

आवाज ऐकून मागच्या खोलीतून बाबा आले. माझे वडील, रंगराव. दुकान त्यांचं, बसते मी. त्यांनी चष्मा लावला, पुठ्ठा उजेडात नेला, बराच वेळ पाहिला. मग त्या पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "नाही बा, ध्यानात नाही येऊन राह्यलं," म्हणत पुन्हा आत निघून गेले. बाबांना एखादा पार्ट ओळखू आला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, वय झालं.

त्याचं नाव कुलदीप. रोहिणखेडचा. मिरची, वांगी, टमाटे लावतो. इंजिनाचा नंबर जिथे असतो ती जागा गंजानं खाऊन टाकली होती, त्यामुळे पुठ्ठा हाच काय तो पुरावा.

भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली गॅस्केटं मी एकेक करून उतरवली. एक टोक मी धरायचं, एक त्यानं, आणि छापेवर ठेवून पाहायचं.

"तिकून धरा... नाही, थोडं वर."

"आता?"

"गोल जुळले. भोकं नाही जुळत."

"इतक्या पत्रिका पाह्यल्या," तो गंभीरपणे म्हणाला, "एकीशीही जुळून नाही राह्यली."

"मंगळ असन."

"मंगळवाल्याले मंगळवालीच पाहा लागते म्हणतात..."

मी गॅस्केट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खिळ्याला लावलं. असल्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण मागच्याच वर्षी माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊन मोडलं होतं. मुलाकडच्यांचं म्हणणं, मुलगी दुकानात बसते, मिस्त्री लोकांशी बोलते. मी म्हटलं, न बोलता नट-बोल्ट विकायची विद्या तुम्हीच शिकवा. तिथे विषय संपला. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं, कोणात जीव गुंतवायचा नाही. असं ठरवलं की बरं असतं. दुपारची झोप छान लागते.

"खामगावले फोन करून पाहाते," मी म्हणाले. "बाजाराच्या दिवशी या."

तो बाजाराच्या दिवशी आला. मग पुढच्या बाजारालाही. खामगावचं गॅस्केट आलं, ते चार बोटं लांब निघालं. अकोल्याचं आलं, त्याची भोकं भलतीकडेच. दर वेळी तो रिकाम्या हातानं जायचा, येताना मात्र पिशवी भरून आणायचा. एकदा हिरव्या मिरच्या, एकदा कोथिंबीर, आणि वांगी तर नेहमीच. पार्ट्सच्या दुकानात ऑइल फिल्टरशेजारी काटेरी वांगी ठेवलेली पाहून गिऱ्हाइकं भाव विचारू लागली.

"पोराचे वांगे चांगले हायेत," बाबा जेवताना म्हणायचे. "इतल्या वर्षांत असं वांगं नाही खाल्लं."

शेजारी अब्दुल गनीचाचांचं गॅरेज आहे. एकदा कुलदीपनं त्यांना मोबाइलवर इंजिनाचे फोटो दाखवले. चाचांनी फोटो बोटांनी मोठे केले, लहान केले, फोन उलटा धरला आणि म्हणाले, "बेटा, ये इंजिन नहीं है. ये तो बारात है. हर घर का एक-एक आदमी आया हुआ है."

"मंग नवरदेव कोणता, चाचा?" कुलदीपनं विचारलं. विचारताना त्यानं चाचांकडे पाहायला हवं होतं. तो माझ्याकडे पाहत होता.

"वो तू समझ," चाचा म्हणाले आणि पाना शोधायला गेले. पाना त्यांच्या खिशातच होता.

मी नट मोजायला घेतले. कान गरम झाले होते. खरं सांगायचं तर बाजाराच्या दिवशी मी हल्ली बरा ड्रेस घालू लागले होते, आणि तो आपण सहजच घातला असं आरशाला सांगतही होते. आरसा काही बोलत नाही, हे त्याचं चांगलं आहे.

माघातल्या एका दुपारी तो आला तो पिशवी न घेता. इंदूरहून मागवलेलं गॅस्केट मी खोक्यातून काढलं, आम्ही ते छापेवर ठेवलं, आणि ते जुळणार नाही हे ठेवायच्या आधीच दोघांना दिसलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

"एक जळगावचा माणूस आहे, त्याले..."

"राहू द्या, अनुपमा."

आजवर तो मला काहीच म्हणत नसे. 'अहो' म्हणून काम भागायचं. नाव घेतलं ते असं.

"माल निघून राह्यला. भाड्याची गाडी करून राजूर घाट चढून बुलढाण्याले नेला की हातात नुसते देठं उरतात. बुढा म्हणते, गाडी भंगारात टाक." बुढा म्हणजे त्याचे वडील, अर्जुनराव. "मावसभाऊ चाकणले कंपनीत हाये. त्यानं जागा पाहून ठेवली. उद्या सकाळच्या गाडीनं चाललो."

"परत?"

"गाडी असती तं... गेलोच नसतो." तो काउंटरवरच्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिला. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यालाही मी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, एवढं न समजण्याइतकी मी भोळी नाही.

"बरं," मी म्हणाले.

"पुठ्ठा ठेवा इथंच. आता काय कामाचा."

तो गेला. मी दुकान झाडलं. झाडलेलं पुन्हा झाडलं.

संध्याकाळी लवकरच जेवायला बसलो. बाबांनी ताटाकडे पाहिलं. "आज वांगे नाहीत? पोरगा नाही आला काय?"

"येऊन गेला. उद्या चाकणले चालला. नोकरीले."

बाबांचा घास हातातच राहिला. "चाकणले? काऊन?"

"गाडी चालू नाही झाली तं काय करन? इंजिनच कोणाले ओळखू नाही आलं."

"मले आलं ना!"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. "कवा?"

"पह्यल्याच दिवशी," बाबा भाकरीशी बोलल्यासारखे म्हणाले. "आपल्या काळीपिवळीचं हाये ते."

दुकान टाकायच्या आधी बाबा मोताळा-बुलढाणा काळीपिवळी जीप चालवायचे. भर लग्नसराईत तिचं हेड तडकलं. नवं मिळेना आणि गाडी तर उभी ठेवता येईना. म्हणून बाबांनी आणि गनीचाचांच्या वडिलांनी मलकापूरच्या भंगारातून एका मिनीबसचं हेड आणलं, दोन भोकं बुजवली, तीन नवी पाडली आणि ते जीपच्या ब्लॉकवर बसवलं. मधलं गॅस्केटही घरीच कापून घातलं, तांब्याच्या पत्र्याचं. पुढे जीप विकली, ती कोणीतरी मोडली आणि इंजिन फिरत फिरत रोहिणखेडच्या पिकअपमध्ये जाऊन बसलं. म्हणजे जगातल्या कुठल्याही कारखान्यात जे कधी बनलंच नव्हतं, त्याचं गॅस्केट मी इंदूरपर्यंत शोधत होते.

"आपल्या हातचे भोकं आपल्याले ओळखू नाही येणार?" बाबा म्हणाले.

"आन् तुम्ही गप बसले!" माझा आवाज चढला. "मी दुनियाभर फोन करून राह्यली, तो पोरगा आपलं शेत सोडून परगावी चालला, आन् तुम्ही इथं बसून त्याचे वांगे खाऊन राह्यले?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तू हासली होती."

"काय?"

"तो म्हणे, बॉनेट खाली होतं. आन् तू हासली. साक्षगंध मोडल्यापासून तुह्या हासण्याचा आवाज घरात आलाच नव्हता, माय. मी म्हटलं, आज सांगतलं तं पोरगा गॅस्केट घेऊन जाईन, पुन्हा कायले येते? मारू दे चार चकरा. तो चाकणले जाईन हे मले काय माहीत? तू काही सांगतच नाही घरात."

राग आला होता, भयंकर आला होता, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. बापावर ओरडावं की त्याच्या गळ्यात पडावं, ते कळेना. शेवटी मी ताट सरकवलं. "उठा. पत्रा आहे का घरी?"

बाबांनी हात धुतला. गनीचाचांनी नुकतंच बंद केलेलं गॅरेज पुन्हा उघडलं. पुठ्ठा पत्र्यावर ठेवून बाबांनी खुणा केल्या, चाचांनी गोल कापले, आणि भोकं पाडताना दोघं म्हातारे आपापल्या तरुणपणाबद्दल इतकं खोटं बोलले की मलासुद्धा त्या रागात हसू फुटलं.

सकाळी फोन करता आला असता. मी नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. शेवटी स्कूटी काढली.

रोहिणखेडच्या फाट्यावर तो उभा होता. पायाशी बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. मला पाहून तो आधी गोंधळला, मग माझ्या पाठीला ओढणीनं बांधलेला तांब्याचा पत्रा पाहून आणखी गोंधळला.

"हे काय?"

"तुमचं गॅस्केट."

त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं. उन्हात पत्रा लखलखत होता. त्यानं प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं, पुठ्ठ्यावरून आम्ही इतक्यांदा फिरवलं होतं तसंच.

"पण इंजिन कोणाचं?"

"माह्या बापाचं."

सगळं ऐकेपर्यंत त्याचं तोंड उघडंच होतं. "आन् त्यायले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं? मंग सांगतलं काऊन नाही?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. विसरले होते, चष्मा नव्हता, वय झालं. मी स्कूटीच्या आरशाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही आले की मी हासते... म्हणून."

त्यानं पत्रा बगलेत धरला. दूर वळणावर मलकापूर स्टेशनला जाणारी एसटी दिसली. ती आली, थांबली, कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. कुलदीपनं वाकून बॅग उचलली. ठरवलेलं सगळं, न गुंतण्याचं, दुपारच्या झोपेचं, कुठल्या कुठे गेलं. मला हा माणूस हवा होता, आणि हे आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

त्यानं बॅग माझ्या स्कूटीवर पायाशी ठेवली आणि कंडक्टरला हातानंच 'जा' म्हटलं.

"मी चालवू?" धूळ खाली बसल्यावर त्यानं विचारलं.

"गाडी माही आहे. मागं बसा."

तो मागे बसला, पत्रा मांडीवर घेऊन, आमच्यामध्ये शहाण्यासारखं वीतभर अंतर ठेवून. रस्ता खराब होता, त्यामुळे अंतर काही टिकलं नाही.

"एक इचारू?" थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला. "गॅस्केट तं एसटीच्या पार्सलनंही पाठवता आलं असतं."

"आलं असतं."

"मंग?"

"हरवायची भीती होती."

"गॅस्केट?"

"तुम्ही," मी म्हणाले.