लाइन एंगेज होती

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात सर्व्हरशी झटत होते. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून बोलत होते.

"बाळ, जमलं तर येऊन जा. माझ्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सला मोडेम सापडत नाहीये."

आवाज पडलेला, जणू चोरी करताना कुणी पकडलंय. काकू जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी दुपारीच निघाले.

गल्लीच्या टोकाचं घर. बाहेर लख्ख ऊन, पण काकांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. कॉम्प्युटर चालूच होता. त्याचा पंखा घरघरत होता, दुसरा आवाज नाही.

मी खुर्ची ओढली. आधी मशीन सुरू होतानाच्या नोंदी वाचल्या. त्यात मोडेमचं, म्हणजे फोनच्या लाइनवरून नेट जोडणाऱ्या कार्डाचं, नावही नव्हतं. कार्डांची यादी काढली, तिथेही नाही. मग मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम उघडला आणि एकेका पोर्टवर 'एटी' टाइप करत गेले. मोडेम जिवंत असेल तर 'ओके' म्हणतो. एकाही पोर्टवरून हूं की चूं नाही.

"काका, तुम्ही काहीतरी उद्योग केलेला दिसतोय," मी लहान मुलाला दटावावं तशी म्हणाले. काका दारातच उभे होते, आत येत नव्हते.

शेवटी मी कॉम्प्युटरचा डबा खोलला. मोडेमची जागा रिकामी होती.

मला हसूच फुटलं. "अहो, यात मोडेमच नाहीये! मग मी मघापासून डोकं कशाशी फोडतेय?"

काकांनी मान खाली घातली. "मीच काढला. ठेचून फेकला. फोनची वायरही कापली."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुला तरी सापडतोय का ते बघायला... म्हणजे, नक्की नाहीये ना तो?"

"नाहीये."

"मग... स्क्रीनवर वाजतं काय?"

माझं हसू तिथंच विरलं.

काका भिंतीला टेकले. माझ्याकडे बघतच नव्हते. "तुझी काकू बहिणीकडे होती ना... तिच्या छातीत कळ आली, तेव्हा ती मला फोन लावत होती. शेवटपर्यंत. आणि मी नेटवर बुद्धिबळ खेळत बसलो होतो. कुणाशी, तेही माहीत नाही." त्यांनी कापलेल्या वायरीचं टोक पायाने बाजूला सारलं. "लाइन एंगेज होती गं. मी सगळ्यांना सांगितलं, फोन बिघडला होता."

आम्हा सगळ्यांना तसंच माहीत होतं. मघाशी मी ज्या सुरात बोलले होते, तो आठवून माझेच कान तापले. मी उगाच स्क्रूड्रायव्हर हातात फिरवत राहिले.

तेवढ्यात स्क्रीनवर अक्षरं उमटली.

रिंग.

मी उघड्या डब्यात पाहिलं. रिकामी जागा. धूळ.

रिंग.

"फोन येतोय ना... तुलाही दिसतोय ना?" काका कुजबुजले.

"उचलायचा का?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"कुठल्या तोंडाने उचलू?"

रिंग. रिंग.

मग काकाच पुढे आले. मला खुर्चीतून हलकेच उठवलं, बसले आणि फोन घ्यायची आज्ञा टाइप केली. नेट जोडताना होते तशी कुठलीही शिट्टी, कुठलीही खरखर झाली नाही. पंख्याची घरघर मात्र थांबली. स्क्रीनवर 'कनेक्ट' आलं.

इंग्रजी अक्षरांत काकांनी मराठी लिहिलं, मला माफ कर.

बराच वेळ काही नाही. मग एकेक अक्षर उमटत गेलं.

कोण बोलतंय?

मी तिचा नवरा, काकांनी लिहिलं.

या वेळी उत्तर लगेच आलं.

ते तर इथेच आहेत. तिचा हात धरून बसलेत.

लाइन तुटली. स्क्रीन काळा झाला. मी काकांचा खांदा घट्ट धरला होता. ते स्क्रीनकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं.

"बरं झालं," ते पुटपुटले. "म्हणजे... मी तिच्याकडे गेलो होतो."

त्याच संध्याकाळी मी त्यांना आमच्या घरी आणलं. आता ते माझ्याकडेच असतात. मान वर करून बोलतात, चार घास नीट जेवतात. ती लाज त्यांच्या डोळ्यांत पुन्हा कधी दिसली नाही.

फक्त एक आहे. समोर बसलेल्या काकांना मी हाक मारते. त्यांचे ओठ लगेच हलतात... आणि आवाज जरा उशिराने येतो, फार लांबून लागलेल्या फोनवर येतो तसा.