कळपातली मोकळी जागा

चौऱ्याण्णव सालचा ऑक्टोबर. नागेशचा बारावीचा एकच विषय राहिला होता, केमिस्ट्री. उद्या बारामतीला पेपर. पास झाला तर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागणार, नापास झाला तर जन्मभर बापासोबत मेंढरांमागं.

सुप्याच्या माळावर सकाळीच तो पुस्तक उघडून बसला. आवर्तसारणीच्या चौकटी काही केल्या डोक्यात शिरत नव्हत्या.

"काय रं, खिडक्या मोजतुयास व्हय?" बिरदेवनं, त्याच्या बापानं, विचारलं.

"न्हाय तात्या. हलकं आदी, जड मागनं, अशी वळ लावायची. अन एका सोबावाची एकाखाली एक."

"एवढंच? आन ह्यात दोनदा बसलास?"

नागेशनं पुस्तक मांडीवर ठेवलं. मग समोरच्या कळपावरच त्यानं सारणी बसवायला घेतली, मनातल्या मनात. हलकी कोकरं डावीकडं, जड पुढं. बुजरी एकाखाली एक, टकरा देणारी एकाखाली एक. जमायला लागलं. फारच जमायला लागलं.

मेंढरं खरंच तशी उभी होती.

कुणी हाकललं नव्हतं. वारा पडला होता. एकही मेंढरू चरत नव्हतं. आणि त्या सगळ्यात, मधोमध, एक जागा मोकळी होती.

सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनंही जागा मोकळ्या सोडल्या होत्या, पुस्तकात होतं. शेजारपाजार बघून त्यानं आधीच सांगितलं, इथं येणारं मूलद्रव्य कसं असेल, किती वजनाचं असेल. गॅलियम नंतर सापडलं. जवळजवळ तसंच निघालं.

नागेशनं शेजारपाजार बघितला. मोकळ्या जागेच्या वरच्या ओळीत उभी होती ती मेंढी इंदापूरच्या बाजारात विकलेली, दावं तोडून परत आलेली. खालची सणसरच्या पाव्हण्यांना दिलेली. तीही आपली आपण आली होती.

"तात्या, हितं कोण असतंय?"

बिरदेवनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "जातंय अन येतंय."

नागेशनं पुस्तक मिटलं. उद्या कशाला, आजच बारामती गाठू, मामाकडं झोपू. पिशवी उचलून, कळपाकडं पाठ करून तो सडकेकडं निघाला. लांबवर एसटीचा धुरळा उठला होता. तो पळत सुटला.

धुरळा खाली बसला. समोर लोकरीच्या पाठी.

तो वळला. परत सडक धरली. या वेळी नजर एसटीवरनं काढली नाही.

परत पाठी.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते ऐकून बिरदेव म्हणाला, "आलास व्हय. बरं झालं."

नागेश जागेत शिरला. डावीकडच्या मेंढीपेक्षा थोडा जड, उजवीकडच्या मेंढ्यापेक्षा थोडा हलका. बरोबर बसला.

ऊन चढलं. मेंढरं सावलीसाठी एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालायला लागली.

शेजारणीनं आपलं मुंडकं नागेशच्या पोटाखाली घातलं.