लागली… गेली

ब्रेकलाईट एकट्याने तपासता येत नाही. एकाने पॅडल दाबायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. दाबलं की मागचा म्हणतो, "लागली." सोडलं की म्हणतो, "गेली." मांजरसुंब्याच्या चौकाजवळ सव्वीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग करतोय. दिवसातून किती वेळा हे दोन शब्द ऐकत असेन, देव जाणे. पण त्यांचा विचार म्हणून कधी केला नव्हता. आता करतो. म्हणून तुम्हाला सांगायला बसलो.

महारुद्रअप्पा नेकनूरचे, बापजाद्यांपासून भांड्यांचे व्यापारी. गेल्या वर्षी त्यांनी कुठल्याशा यार्डातून जुनी लहान बस उचलली. बाकडी काढली, खिडक्यांवर पत्रे ठोकले, आत मांडण्या केल्या आणि चालतंफिरतं दुकान केलं. आज उमापूर, उद्या नेकनूर, असे बाजार करत हिंडायचं. मागच्या बाजूला शटर आणि त्याच्याखाली गिऱ्हाइकासाठी एक लांबरुंद फळी. बाजारात ती उचलून आडवी लावायची, निघताना खाली सोडायची. आणि खाली सोडली की दोन्ही ब्रेकलाईटी झाकल्या जायच्या. ही फळी ज्या सुताराच्या डोक्यातून निघाली त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

त्यात महादेवीअक्कांना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, बस लागते. लिंबू, ओवा, आवळा, काही म्हणता काही चालत नाही. त्यामुळे अप्पा बस घेऊन पुढे आणि मायलेकी स्कूटीवर मागे, अशी यांची वरात. लेक शिवानी स्कूटी चालवते, अक्का मागे बसतात. अप्पा माझ्याकडे आले त्याच्या आठवडाभर आधी घाटात त्यांनी ब्रेक मारला, शिवानीला तो दिसलाच नाही. स्कूटी फळीपासून वीतभर अंतरावर थांबली. तेव्हापासून अप्पांची झोप उडाली होती.

"मिस्त्री, वर मधोमध एक लाईट बसवा," बस लावता लावताच ते म्हणाले. "लई मोठी बसवा. म्हशीला बी दिसली पायजे."

"म्हैस स्कूटी चालवती का, अप्पा?"

शिवानी हसली. अप्पा हसले नाहीत. "चेष्टा नगं. माझ्या दोगीबी मागं असत्यात. उद्या बाजार हाय. लाईट न्हाई लागली तर मी बस हालवनार न्हाई."

अकरा वाजता कामाला हात घातला. ऊन रणरणत होतं, पण बसच्या आत खिडकीच नसल्याने दिवसाढवळ्या अंधार. डोक्याला बॅटरी बांधून मी शिरलो. नव्या स्टीलचा वास, खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास, आणि त्याच्याखाली अजून एक, जळक्या रबरासारखा. चार पावलं टाकली की दोन्ही बाजूंची भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणायची. मी थांबलो तरी ती जराशी मागाहून थांबायची. भांडीच ती, दुसरं काय करणार?

शटरच्या वर मधोमध ड्रिल लावलं तर पांढरा भुगा पडायला लागला. पत्रा लागेचना. बोटभर जाडीची पुट्टी भरलेली. मागचा सगळा पत्रा कधीतरी आत गेला होता आणि कुणीतरी वरून लिंपून रंग दिला होता.

"मागून ठोकलेली दिसते," मी म्हणालो.

"घेतली तवाच तशी व्हती," अप्पा म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

दोन वाजेपर्यंत लाईट बसली. पॅडलापासून वायर ओढून आणली, जोड दिले, टेप मारला. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. पाठीमागे मांडणीची लाकडी भिंत, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. मी ओरडलो, "अप्पा, मागं थांबा आन सांगा!" आणि पॅडल दाबलं.

"लागली."

सोडलं.

"गेली."

मी कुठलंही काम तीनदा तपासतो, ही माझी खोड. तीनदा दाबलं, तीनदा सोडलं. लागली, गेली. लागली, गेली. लागली… गेली. आवाज हळू होता, थकलेला. कुणाला तरी तेच तेच शंभर वेळा सांगून झाल्यावर माणूस सांगतो तसा. मला वाटलं, अप्पा उन्हाने दमले.

आणि समोरच्या काचेतून पाहतो तर अप्पा रस्त्यापलीकडून, भिवराबाईच्या हॉटेलातून, दोन हातांत दोन चहा घेऊन येत होते.

"कुठं होता?" मी खिडकीतून विचारलं.

"मायलेकीला वाटंला लावायला गेलतो. म्हनलं, तुमी व्हा पुढं, म्या लाईट लावून येतो. कावून?"

मी उतरून मागे गेलो. कुणी नव्हतं. असेल एखादा येणारा-जाणारा, रिकामटेकड्यांना काही तोटा नाही. चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, अप्पा नको म्हणाले, हात बाहेर काढला तर त्यात फ्यूज आला. नव्या लाईटचा फ्यूज. मी तो अजून बसवलाच नव्हता. खालच्या दोन्ही लाईटी फळीमागे आणि वरची लागणं शक्यच नाही. मग मागून तीन वेळा "लागली" कोण म्हणालं, आणि काय बघून म्हणालं?

खोटं कशाला सांगू, तिथून पळावंसं वाटलं. पण हातातलं काम अर्धवट सोडायचं आमच्या रक्तात नाही. फ्यूज बसवला. अप्पांना मागे उभं केलं. पॅडल दाबलं.

"लागली!" अप्पांचा मोकळा आवाज. पण त्याच्या अर्धा श्वास आधी दुसरा आवाजही आला. तो हळू, थकलेला.

मी पाय उचलला आणि खाली उतरलो. अप्पा शटरपासून चार हात लांब जाऊन उभे होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मिस्त्री… म्या एकदाच म्हनलो."

"ऐकलं."

"आतून आला आवाज. भांड्यातून."

मग ते खाली बसले आणि जे माहीत होतं ते बोलले. यार्डवाल्याने त्यांना सांगितलं होतं. ही बस पूर्वी कामगारांची ने-आण करायची. मागच्या लाईटी बंद. एका घाटात ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मागून नवराबायकोची मोटारसायकल येऊन आदळली.

"ड्रायव्हर पोलिसाला दुसरं कायबी सांगंना म्हनं. दोनच शब्द. गाडी मागून लागली… बाई गेली. लागली… गेली. पुढं त्यो बी न्हाई राहिला. म्हनून स्वस्तात मिळाली वो. घरी सांगितलं न्हाई म्या."

सव्वीस वर्षं मी ज्या दोन शब्दांसाठी मागच्या माणसाला हाका मारत आलो, ते असेही ऐकता येतात हे मला त्या दिवशी कळलं.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. लाईट लागत होती, काम झालं होतं. पण फ्यूज घातल्यावर तपासणी एकदाच झाली होती आणि तीनदा तपासल्याशिवाय मी गाडी देत नाही. मी पुन्हा सीटवर बसलो. अप्पांना म्हणालो, "तुमी गप उभं राहा. बोलू नका. नुसता हात आरशात दाखवा." पॅडल दाबलं.

आरशात अप्पांचा हात वर झाला. ओठ मिटलेले.

"लागली."

या वेळी आवाज माझ्या सीटच्या अगदी मागून आला, लाकडी भिंतीला तोंड लावून बोलावं तसा. आणि त्याच क्षणी अप्पांच्या खिशातला फोन वाजला.

शिवानीचा होता. ती इतक्या मोठ्याने रडत होती की मला सीटवर ऐकू आलं. नेकनूर रोडला मागून पिकअप आली. स्कूटीला लागली. शिवानीचा हात सोलला होता. अक्का डोक्यावर पडल्या होत्या आणि डोळे उघडत नव्हत्या.

अप्पा धावत खिडकीशी आले. "मिस्त्री, चला, चला लवकर!"

"अप्पा, माझी मोटारसायकल घ्या." मी खिशातून किल्ली काढून खिडकीतून दिली. "मला उठता येत न्हाई."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. माझा उजवा पाय पॅडलवर होता. लाईट लागलेली होती. सोडलं की काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"नका सोडू," ते म्हणाले. मिस्त्री सोडून पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "भारतभाऊ, पाया पडतो… नका सोडू." आणि गेले.

सुरुवातीला हे सोपं वाटलं. पॅडल दाबून बसायचं, त्यात काय? अर्ध्या तासात पोटरी दगड झाली. घाम डोळ्यांत जायला लागला. मागे भांडी बारीक किणकिणत होती आणि या वेळी बसमध्ये कुणी चालत नव्हतं. पायाऐवजी दगड ठेवावा असं मनात आलं, पण दगड सरकला तर? अक्का माझ्या कोण लागतात? दिवाळीला एक डबा फराळ धाडतात, एवढंच. तरी त्या घडीला माझ्या सख्ख्या बहिणीसाठी बसलो असतो तसा मी बसलो होतो.

मग गाडीची बॅटरी आठवली. बस बंद, लाईट चालू, बॅटरी जुनी. सकाळीच मी अप्पांना म्हटलं होतं की बदला. लाईट आपोआप विझली तर? किल्ली गाडीलाच होती. पाय न हलवता मी वाकून सेल्फ मारला. बॅटरी जुनी असली की सेल्फ सगळा करंट ओढून घेतो आणि लाईटी मंदावतात, हे मला कळायला हवं होतं. इंजिनाने नुसतं कण्हल्यासारखं केलं, आणि मागून, लाकडाच्या पलीकडून, हळूच सुरू झालं,

"गे…"

मी किल्ली तशीच पिळून धरली. आईची शपथ, मी रडलो. तिसऱ्या धक्क्याला इंजिन धरलं. मागचा आवाज अर्ध्यावर थांबला.

इंजिनाचा आवाज ऐकून भिवराबाई आली. म्हातारी बाई, जिभेची तिखट. "अवो मिस्त्री, गाडी चालू करून कावून बसलाव? तोंड बगा कसं झालंय."

"पानी द्या फक्त. आन मागं बगा, लाईट लागलीय का."

ती मागे जाऊन आली. "लागलीय की. लालभडक." खिडकीतून पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "ती बाई कोन हाय पन? कवाची मागं उभी हाय, लाईटीकडं बगत. बसा म्हनलं तर बसंना."

मी आरशात पाहिलं नाही. डावीकडच्याही नाही आणि उजवीकडच्याही नाही. समोरच्या रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या मोजत राहिलो.

पावणेपाचला फोन आला. अप्पा बीडच्या दवाखान्यातून बोलत होते. "शुद्धीवर आली… डॉक्टर म्हनले, धोका टळला. मला वळखलं तिनं. चप्पल कुटं पडली म्हून विचारती."

तरी मी आणखी पाच मिनिटं पाय उचलला नाही. मग इंजिन बंद केलं, देवाचं नाव घेतलं आणि हळूहळू, नखानखाने, पॅडल सोडलं.

"गेली" ऐकू आलं नाही. सगळं शांत होतं, भांडीसुद्धा. नुसता मागून एका बाईचा आवाज आला. थकलेला नव्हता, साधा होता, शेजारीण बोलते तसा.

"येते हां."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आपल्याकडे निरोप घेणारी बाई "जाते" म्हणत नाही, अशुभ असतं. "येते" म्हणायचं, आपण "या" म्हणायचं. इतकी वर्षं त्या घाटात अडकलेली कुणीतरी बाई सुटली, निघाली, असं मला वाटलं. भाबड्यासारखा मी म्हणालोही, "या, बाई."

उतरलो. पायात जीव नव्हता. मोटारसायकल अप्पांकडे, म्हणून शटर ओढून लंगडत चालत घरी निघालो. अर्ध्या कोसाची वाट, उन्हं कलली होती, रस्त्याला माणसं होती. भीती अशी वाटली नाही. उलट हलकं वाटत होतं.

घरी पोचलो. छबु, माझी बायको, अंगणात धुणं काढत होती. माझी चाल बघून काळजीने आत गेली, मी मागोमाग उंबरा ओलांडून आत टेकलो, आणि ती पाणी घेऊन आली. एक तांब्या माझ्या हातात दिला. दुसरा हातात धरून ती माझ्या मागे, दाराकडे बघत राहिली.

"या की आत," ती म्हणाली. "उंबऱ्यात कावून थांबल्या?"