मनगट धरणारी चादर

हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत ऑपरेशनचे गाऊन आणि हिरव्या चादरी घडी घालायचं माझं काम. हवा कोरडी झाली की या कापडात करंट भरतो. चादर उलगडताना तडतडते, अंगाला चिकटून बसते. ऑपरेशनच्या खोलीत ठिणगी नको, म्हणून आमची रीत ठरलेली. आधी लोखंडी टेबलाला हात लावायचा, मग कापडाला. टेबलाला हात लागला की चिकटलेलं कापडही मुकाट्याने सुटतं.

ह्यांच्या ऑपरेशनची चादर मीच निवडली होती. मऊ, कोपऱ्याला ठिगळ असलेली.

"किती कुरवाळतेस तिला," शेजारी घड्या घालणाऱ्या ताई हसल्या. "उठून बसेल ती."

ऑपरेशन झालं. "मध्ये क्षणभर हृदय थांबलं होतं," डॉक्टर म्हणाले, "पण आणलं परत."

हे घरी आले आणि मी पुन्हा कामावर गेले. ती चादर धुऊन आली होती. उचलली, तशी ती माझ्या मनगटाभोवती आवळली. मी टेबलाला हात लावला. सुटली नाही. पुन्हा लावला...

ती पकड हाताच्या पंजासारखी होती: अंगठा, तीन बोटं, आणि तर्जनीच्या जागी मोकळी फट. ह्यांची तर्जनी तरुणपणी यंत्रात गेली. रस्ता ओलांडताना हे माझं मनगट अगदी असंच धरायचे.

"ताई... बघा ना."

"करंट आहे गं, दुसरं काय. ठिगळ उसवलंय बघ. टाक जाळायच्या गठ्ठ्यात."

माझा हात धजेना. चादर पिशवीत लपवून घरी आणली आणि गुपचूप कपाटात तळाशी ठेवली.

हे खिडकीपाशी बसले होते.

"अहो, गार वारं सुटलंय," म्हणत मी त्यांना डोक्यातून स्वेटर घातला. एरवी तो तडतडायचा, ह्यांचे केस ताठ उभे राहायचे आणि हे म्हणायचे, "नवऱ्याला शॉक देतेस होय?"

आज काहीच आवाज नाही. केस जिथल्या तिथे चापून बसलेले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जाळायची चादर घरी कशाला आणलीस...?"

मी तर कुणाला काही बोलले नव्हते.

ते उठले. कपाटाकडे जाताना आधी त्यांनी लोखंडी पलंगाला हात टेकवला. तो आमच्या कामाचा नियम. घरी मी तो कधी सांगितला नव्हता.

मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

"सरक," ते म्हणाले.

मागे, बंद दाराआड, हलकेच काहीतरी तडतडलं. आणि माझे केस एकेक करून कपाटाकडे ओढले जाऊ लागले.