मखमलीचा पडदा आणि मागचं दार

"मखमलीची घडी घालत नाहीत, गुंडाळतात, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली," शिवणवाली पुटपुटली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी यांचा हात घडीकडेच जातो."

नवऱ्याने निमूटपणे पडद्याचं टोक सोडलं. टोमणा त्याच्यासाठी होता, पण तो दारात उभ्या असलेल्या वहिनींनीही ऐकला.

वहिनी खासगी तपास करत. त्यांच्यामागून धापा टाकत आले ते त्यांचे दीर. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून ते प्रत्येक तपासात सोबत असत आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

शिवणवाली बोलू लागली. ही शिवणखोली तिच्या थोरल्या भावाची. गल्लीच्या टोकाचं नाट्यगृहही त्याचंच. खोलीवरून दोघांत इतकं वाजलं, की शेवटी करारच केला. तिने रंगमंचाचा नवा पडदा शिवून शनिवारी अंधार पडायच्या आत मागच्या दारी पोचवला, तर खोली कायमची तिची. नाही पोचवला, तर खोली सोडायची.

"आम्ही दोघांनी खांद्यावरून नेला हो. दार कुणी उघडलं नाही. अंधार पडला. मखमल दवात कशी ठेवू? परत आणला. आता दादा म्हणतो, तू आलीच नाहीस, करार मोडलास."

"दाराशी कोण असतं?"

ती घुटमळली. "मी गेले होते, एवढंच सिद्ध करा. दार का उघडलं नाही, त्यात नका शिरू."

नवऱ्याने पडद्याचं गोणपाट पुढे केलं. त्यावर निळ्या रंगाचा पट्टा होता. "गुंडाळी दाराला टेकवली, तर हे झालं. त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली."

बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले, "बाई काहीतरी लपवतेय, वहिनी."

"लपवतेय खरी. पण स्वतःसाठी नाही."

नाट्यगृहात भाऊ शिडीवर चढून दिवे बसवत होता. खाली उतरला तो चिडलेलाच.

"शनिवारी मी हे दिवे आणायला गेलो होतो. पुढचं दार बंद, आत जमिनीचं पॉलिश वाळत पडलेलं, बाबांखेरीज कुणी नाही. निघताना मागच्या दाराला बाहेरून निळा रंग मारला. पटकन वाळतो हो, अंधार पडेस्तोवर खडखडीत. रविवारी परतलो. बाबा म्हणाले, कुणी आलं नाही. बाबा खोटं बोलत नाहीत."

"आणि बहीण?"

"तीही नाही बोलत," तो वैतागून म्हणाला. "मग मी काय करू, सांगा! शब्द म्हणजे शब्द. तिला बाहेर काढायची मला हौस आलीये का?"

मागच्या दाराशी बाबा खुर्ची टाकून बसले होते. तरुणपणापासून हे दार राखायचं काम त्यांचंच. भाऊ वळसा घालून त्यांच्या समोर गेला, खांद्यावर हात ठेवला आणि मग म्हणाला, "बाबा, या तपासाला आल्यात."

भाऊजी दाराचा रंग पाहायला बाहेर गेले. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

"शनिवारी मी इथून हललो नाही," बाबा म्हणाले. "या दारातून माझ्या नकळत मुंगी गेली नाही कधी. एकदा एक नट मिशी लावून फुकट घुसत होता..."

बाहेरून भाऊजींनी घंटी दाबली. भिंती हादरतील अशी कर्कश. बाबांच्या गोष्टीतल्या नटाची मिशी तेवढ्यात गळून पडली होती, आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. वहिनींनी उठून दार उघडलं.

"रंगात सुतळीचे धागे रुतलेत!" भाऊजी म्हणाले. "आणि हा म्हातारा शनिवारी झोपला होता, लिहून देतो."

"नका देऊ," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना इथे बोलवा."

शिवणवाली आली, बाबांसमोर वाकली, त्यांचा हात हातात घेऊन "कसे आहात?" म्हणाली. नवरा मागे उभा राहिला. वहिनींनी आपली खुर्ची बरोबर बाबांच्या पुढ्यात ओढली आणि सावकाश, तोंड नीट उघडून बोलायला सुरुवात केली.

"दारावरचे धागे गोणपाटाचे आहेत, आणि गोणपाटावर दाराचा रंग आहे. म्हणजे गुंडाळी टेकली तेव्हा रंग ओला होता. तो शनिवारी मारला आणि अंधार पडेपर्यंत वाळला. तेव्हा या आल्या होत्या, त्याही वेळेत. ठरलेलं काम ठरल्या वेळी ठरल्या जागी नेलं, पण समोरून ते घ्यायला कुणी पुढे आलं नाही, तर नेणाऱ्याने करार मोडला असं होत नाही. यांनी आपली बाजू पुरी केली. खोली यांची."

भाऊ मटकन पायरीवर बसला. "सुटलो," तो म्हणाला. बहिणीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघंही हसले.

"म्हणजे बाबा खोटं बोलले?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. झोपलेही नव्हते. भाऊजी, मघाशी तुमच्या घंटीला दार कुणी उघडलं?"

"तुम्ही."

"आणि बाबांना इथे कुणी मागून हाक मारताना ऐकलीत? सगळे आधी समोर जातात, हात लावतात, मग बोलतात. सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर या मला म्हणाल्या, दार का उघडलं नाही त्यात शिरू नका. खोली गेली तरी चालेल, पण बाबांची या दारातली खुर्ची जाऊ नये. आणि दादांनी बहिणीला खोटं ठरवलं, पण ते कारण मनातसुद्धा येऊ दिलं नाही."

इथे वहिनी थांबल्या. भावाने जमिनीकडे पाहिलं, जावयाने छताकडे.

बाबांची नजर इतका वेळ वहिनींच्या ओठांवर होती. ती आता लेकीकडे वळली.

"घंटी वाजवलीस?"

तिने मान डोलावली.

"दारही बडवलंस?"

"खूप."

"हात दुखला असेल गं." त्यांनी तिचा तळवा उलटा करून पाहिला, आणि जड ओझं खाली ठेवल्यासारखा लांब श्वास सोडला.

"मला ऐकू येत नाही, पोरांनो."